डोक्यावरचं ओझं

'द फँटम ऑफ द ऑपेरा'च्या नादी लागलेल्या माणसांचा एक ठरलेला खेळ आहे. लंडन, न्यूयॉर्क, हॅम्बुर्ग, टोकियो अशा ठिकठिकाणच्या प्रयोगांचे फोटो गोळा करायचे, एकाच पात्राचे फोटो शेजारी-शेजारी मांडायचे आणि डोक्यावर काय चढवलंय ते बारकाईनं ताडून पाहायचं. मुकुटाला मण्यांच्या सरा किती, चांदण्या गुलाबीकडे झुकतात की निळ्याकडे, पिसं ताठ आहेत की कललेली. मग वाद रंगतो: मूळ आराखड्याशी इमान कुणी राखलं आणि काटकसर कुणी केली? बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. मला वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा खेळ अर्ध्यावर सोडला जातो. फोटोत मुकुट दिसतो, पण तो पेलणारी मान काय करते ते दिसत नाही. शिवाय या नाटकात एकेका मुकुटाचा अर्थ एकट्यानं लागतच नाही. आधी कुणाच्या डोक्यावर काय होतं आणि नंतर कुणाच्या डोक्यावर काय आलं, या क्रमात तो अर्थ आहे. तो क्रम सांभाळला तर मणी बदलले तरी चालतं. तो मोडला तर मणी मोजून बसवले तरी उपयोग नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अँड्र्यू लॉइड वेबर यांचं हे संगीत नाटक 9 ऑक्टोबर 1986 रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरात सुरू झालं. ब्रॉडवेवर ते जानेवारी 1988 मध्ये आलं आणि एप्रिल 2023 मध्ये उतरलं तेव्हा तिथले 13,981 प्रयोग झाले होते. दिग्दर्शन हॅरल्ड प्रिन्स यांचं. नेपथ्य आणि वेशभूषा या दोन्हींची जबाबदारी मारिया ब्यॉर्नसन या एकाच बाईंवर होती आणि दोन्हींसाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. नाटकात वेश आहेत दोनशे तीसच्या घरात. मुंबईकरांनी हे नाटक मार्च 2025 मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या ग्रँड थिएटरमध्ये पाहिलं. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या तळघरात लपून राहणारा, अर्धा चेहरा विद्रूप असलेला एक संगीतकार, त्यानं लपूनछपून शिकवलेली क्रिस्टीन नावाची कोरसमधली पोर, तिचा बालमित्र राऊल आणि तिथली मिजासखोर मुख्य गायिका कार्लोटा, एवढी माणसं ध्यानात असली तरी पुरे.

नाटकात नाटकं आहेत, हे महत्त्वाचं. सुरुवातीलाच 'हॅनिबल' नावाच्या एका काल्पनिक ऑपेराची तालीम चालू असते. कार्लोटा त्यात कार्थेजची राणी एलिसा झालेली असते. तिच्या डोक्यावर जो प्रकार आहे त्याला मुकुट म्हणणं म्हणजे त्याला लहान करणं. दोन्ही अंगांनी सरा लोंबताहेत, वर सोनेरी डोलारा आहे, आणि हातात हॅनिबलकडून आलेली भेट म्हणून एक कापलेलं मुंडकं आहे. एका मुंडक्यावर एवढं ओझं आणि दुसरं हातात. ब्यॉर्नसनबाईंचा विनोद हा असा होता, थोडा दुष्ट. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ऑपेराला पूर्वेकडच्या राण्या कशा दिसत, याची ती थट्टा आहे. पण कार्लोटा मात्र ती थट्टा म्हणून घालत नाही. ती ते पूर्ण गांभीर्यानं पेलते. इतका जड प्रकार डोक्यावर असताना मान वळवून चालत नाही, छातीपासून अख्खं अंग वळवावं लागतं. शेजारचा नट बोलला तर त्याच्याकडे नजर टाकणंही एक समारंभ होऊन बसतो. कार्लोटा कुणाकडे पाहत नाही ती गर्विष्ठ आहे म्हणून, की मुकुट तिला पाहू देत नाही म्हणून? चांगल्या प्रयोगात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

मग वरून पडदा कोसळतो, कार्लोटा संतापून निघून जाते आणि क्रिस्टीनला उभं केलं जातं. 'थिंक ऑफ मी' हे गाणं ती तालमीत बिचकत सुरू करते आणि गाता-गाता आपण थेट रात्रीच्या प्रयोगात जाऊन पोचतो. या वेळी तिच्या अंगावर काय असतं? कंबरेखाली राणी एलिसाचा तोच भरजरी घागरा, वर मात्र दासीचीच चोळी. आणि तो डोलारा नसतो. मोकळे कुरळे केस आणि त्यातून वर निघालेला आवाज. राणीचं गाणं मिळालं, राणीचा घागरा मिळाला, राणीचं डोकं मिळालं नाही. माझ्या मते अख्ख्या नाटकातला हा सगळ्यात हुशार वेशभूषेचा निर्णय आहे आणि तो एक वस्तू काढून घेऊन साधला आहे. फोटो ताडणाऱ्यांच्या हाती इथे काही लागत नाही, कारण ताडायला वस्तूच नाही.

आता 2004 चा जोएल शूमाकर यांचा चित्रपट घ्या. याच गाण्याला त्यात क्रिस्टीनला पांढराशुभ्र झगा आहे आणि केसांत हिऱ्यांच्या चांदण्या. चित्रकलेशी ओळख असणाऱ्याला ते लगेच उमगतं. विंटरहाल्टरनं 1865 मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, म्हणजे सगळ्यांची सिसी, हिचं जे चित्र रंगवलं, त्यातला हा साज आहे. दिसायला देखणा आहे यात वाद नाही. (याच चित्राचं भूत 1992 मध्ये व्हिएन्नात आलेल्या 'एलिझाबेथ' या संगीत नाटकाच्याही मानगुटीवर आहे. तिथे मात्र ते आपल्या घरी आहे.) पण कोरसमधली पोर पहिल्यांदा गायला उभी राहते तीच सम्राज्ञी होऊन उभी राहिली, तर पुढे तिला जायला जागा कुठे उरली? तिला अजून कुणी काही बहाल केलेलं नाही, ही त्या क्षणाची गंमत होती. चित्रपटानं तिच्या डोक्यावर आकाश ठेवलं आणि गाण्यातला धोका काढून घेतला.

रंगमंचावरही क्रिस्टीनच्या डोक्यावर चांदण्या येतात, पण त्या दुसऱ्या अंकात, मुखवट्यांच्या मेजवानीत. त्या वेशाला सगळे 'स्टार प्रिन्सेस' म्हणतात. आता परिस्थिती बघा. राऊलशी तिचा साखरपुडा झालेला आहे, तो गुपित ठेवायचा आहे, अंगठी बोटात न घालता साखळीत ओवून गळ्यात आहे. म्हणजे पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर झगमगता साज चढतो तो ती काहीतरी लपवत असताना. आणि त्याच रात्री लाल वेशातला, कवटीचा मुखवटा घातलेला फँटम येतो आणि तिच्या गळ्यातली साखळी हिसकावून घेतो. पुढे शेवटी तळघरात तो तिला नवरीचा पोशाख घालायला लावतो आणि डोक्यावर नवरीची जाळी चढवतो. तीच जाळी पहिल्या अंकात एका बाहुलीच्या डोक्यावर आपण पाहिलेली असते. मोकळे केस, चांदण्या, नवरीची जाळी. जसजसा डोक्यावरचा साज वाढतो तसतशी ती पोर दुसऱ्या कुणाची तरी होत जाते. हा चढ ज्याच्या लक्षात आला त्याला चांदण्या गुलाबी की निळ्या हा प्रश्न फार सतावत नाही.

हे सगळं मान्य करूनही माझ्यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. तू नाटकाची संहिता वाचतोयस, मुकुट बघतच नाहीस. वस्तूला वस्तू म्हणून काही किंमत आहे की नाही? आहे. म्हणून ती रंगपटात डोक्यावर कशी चढते तेही बघू.

आधी नटीचे स्वतःचे केस छोट्या-छोट्या वळ्या करून पिनांनी डोक्याला चपटे बसवतात. त्यावर जाळीची टोपी. त्या टोपीला आणि केसांच्या कडेला मायक्रोफोन चिकटवतात, वायर मानेमागून पाठीवर जाते. मग टोप. चांगल्या टोपाच्या पुढच्या कडेला बारीक जाळी असते आणि तिच्यात अतिबारीक हूकनं केसांना गाठी मारलेल्या असतात. अगदी कपाळाशी एका वेळी एकच केस, मागे जाता-जाता दोन-तीन. ती कड स्पिरिट गमनं कपाळाला चिकटवली की केस कातडीतून उगवल्यासारखे दिसतात. आणि या सगळ्यावर मुकुट, टोपात रुतवलेल्या पिनांच्या आधारानं. म्हणजे मुकुट डोक्यावर नसतोच. तो टोपावर असतो, टोप टोपीवर, टोपी वळ्यांवर. आठवड्याला आठ प्रयोग, त्यात नाचाच्या गिरक्या, घाम, घाईचे वेशबदल. टोप पुनःपुन्हा विंचरले जातात, मण्यांच्या सरा तुटतात, नव्या ओवल्या जातात, नटी बदलली की तिच्या डोक्याच्या मापानं पुन्हा सगळं. पस्तीस वर्षांच्या प्रयोगमालिकेत 'मूळ' मुकुट म्हणजे नेमका कुठला? पहिल्या रात्रीचा म्हणाल तर तो कधीच निवृत्त झाला असणार. लंडन आणि न्यूयॉर्कच्या मुकुटांत फरक दिसतो तसा न्यूयॉर्कच्याच 1988 च्या आणि पुढच्या मुकुटांतही दिसायला हवा, कारण तो करणारे हात बदलले आणि तो घालणारी डोकीही बदलली. तरीही कराराच्या भाषेत ते सगळे एकच.

आपल्याकडे नेमकी उलटी परिस्थिती आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ड्रेपरीवाल्याकडून येणारा पुठ्ठ्याचा मुकुट आज रामाच्या डोक्यावर, उद्या रावणाच्या, आणि दोघांच्याही कानावर ओघळलेला. तिथे एक मुकुट सगळ्यांचा असतो, इथे सगळे मुकुट एकाच भूमिकेचे. फरक श्रीमंतीचा आहेच. पण ओघळणारा मुकुट एका हातानं सावरत संवाद म्हणणारा पोरगा आणि एलिसाचा डोलारा पेलणारी गायिका यांना एकच गोष्ट ठाऊक असते: डोक्यावरची वस्तू आपल्याशी झगडते. आखणी करणाऱ्याला ही गोष्ट माहीत असावी लागते, आणि अनेकांना ती माहीत नसते.

वजनाबद्दल बोलायचं तर 'द लायन किंग'चा उल्लेख टाळता येत नाही. ज्युली टेमर यांनी 1997 मध्ये ब्रॉडवेवर आणलेल्या या नाटकात सिंहांचे मुखवटे चेहऱ्यावर नाहीत, चेहऱ्याच्या वर आहेत. नटाचा चेहरा खाली उघडा आणि प्राण्याचा चेहरा वर, दोन्ही एकाच वेळी दिसणारे. मायकेल करी यांच्यासह टेमर यांनी घडवलेला मुफासाचा मुखवटा पाहताना वाटतं, लाकडाचा असेल, पाच किलोचा तरी असेल. प्रत्यक्षात तो कार्बन फायबरसारख्या हलक्या सामग्रीचा, 11 औंसांचा, म्हणजे जेमतेम 310 ग्रॅम. स्कारचा त्याहून हलका. स्कारचा नट पुढे वाकला की त्याच्या हातातल्या छुप्या कळीनं मुखवटा सरकत चेहऱ्यासमोर येतो. माणूस बोलता-बोलता जनावर होतो आणि सरळ उभा राहिला की पुन्हा माणूस. म्हणजे मघाशी मी जड मुकुटाची जी तरफदारी केली तिला इथे मुरड घालावी लागते. मानेला इजा करणारं खरं वजन काही पवित्र नाही. कार्लोटाचा मुकुट उद्या हलक्या सामग्रीत केला तर नटीच्या मणक्यांनी दुवाच द्यावी. अट एवढीच की दिसायला तो जड राहिला पाहिजे आणि तो डोक्यावर घेऊन वळण्याची रीत तालमीत ठरली पाहिजे. हलका मुकुट दिला, मान सैल सोडली, आणि कार्लोटा सगळीकडे टकमक बघू लागली, तर फोटो शंभर टक्के जुळेल आणि पात्र हातचं जाईल.

या नाटकाचा मोठा जिना हे आणखी एक प्रकरण आहे. मूळ प्रयोगात मुखवट्यांची मेजवानी एका भव्य जिन्यावर होते. गर्दी भरण्यासाठी नटांच्या मधेमधे पुतळेही वेश घालून उभे केलेले असतात आणि दुरून ते कळत नाही. जिन्यामुळे डोकी एकावर एक रचली जातात. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही प्रत्येक पिसारा, प्रत्येक शिंग सुटं दिसतं. 2012 मध्ये ब्रिटनच्या दौऱ्यासाठी लॉरेन्स कॉनर यांनी नाटक नव्यानं बसवलं, नेपथ्य पॉल ब्राउन यांचं. वेश ब्यॉर्नसनबाईंचेच ठेवले, जिना मात्र गेला. आता डोकी सपाट जमिनीवर आली आणि पुढच्या रांगेतल्या उंच पिसाऱ्यामागे मागची रांग झाकली जाऊ लागली. तेच शिरोभूषण, पण त्याला उभं राहायला फळी नाही. हा फरक डोक्यावरच्या वस्तूचा फोटो कितीही जवळून काढला तरी हाती लागत नाही. 2022 मध्ये सिडनीच्या बंदरात पाण्यावर बांधलेल्या उघड्या रंगमंचावर हे नाटक झालं तेव्हा सायमन फिलिप्स यांच्यासाठी गॅब्रिएला टायलेसोव्हा यांनी नेपथ्य आणि वेश दोन्ही नव्यानं आखले. उघड्यावर छप्पर नाही, वारा आहे, प्रेक्षक लांब आहेत. अशा ठिकाणी तारांवर डुलणारी नाजूक नक्षी कामाची नाही. आकार मोठा आणि बाह्यरेखा ठळक हवी. तिथे ब्यॉर्नसनबाईंची नक्कल केली असती तर तेच बेइमानीचं ठरलं असतं.

म्हणून रेप्लिका म्हणजे निष्ठा आणि नवा आराखडा म्हणजे आगाऊपणा, ही वाटणी मला मुळातच पटत नाही. बुडापेस्टच्या मदाच थिएटरनं 2003 मध्ये, टामाश सिरटेश यांच्या दिग्दर्शनाखाली, पहिल्यांदा परवानगी घेऊन मूळ आराखडा बाजूला ठेवला आणि हे नाटक आपल्या पद्धतीनं केलं. त्यानंतर वॉर्सा, प्राग, बुखारेस्ट अशी वाट मोकळी झाली. त्यातले सगळे मुकुट चांगले असतील असं नाही. पण वेगळा मुकुट पाहिला की आपल्याला पहिल्यांदा कळतं, मूळ मुकुटात कुठली गोष्ट अटळ होती आणि कुठली नुसती सवय. पस्तीस वर्षं एकच डोलारा बघून ते कधीच कळलं नसतं.

टोपीबद्दल एक तांत्रिक गोष्ट, कारण तिच्याकडे कुणी पाहत नाही. मायक्रोफोन केसांच्या कडेला असतो, आणि त्याच्या वर रुंद काठाची टोपी आली की आवाज काठाला आपटून परत मायक्रोफोनात शिरतो. ध्वनिसंयोजकांचा टोपीवरचा राग जुना आहे. मुखवट्यांच्या मेजवानीत फँटम येतो तो पिसांची भली मोठी टोपी घालून, खाली कवटी. ही टोपी ब्यॉर्नसनबाईंच्या मनातून निघालेली नाही. गास्तों लरूच्या 1910 च्या कादंबरीतच ती आहे, आणि 1925 च्या मूकपटात लॉन चेनी त्याच वेशात उतरला होता. तिथे टोपीला आवाजाची अडचण नव्हती. 2004 च्या चित्रपटानं ती टोपी काढून टाकली आणि कवटीही अर्धी केली. नटाचा चेहरा दिसावा हा हिशेब समजतो. पण ज्याचा चेहरा आपण बघू शकत नाही, त्याचीच तर भीती वाटायची होती.

आता ज्याचा फोटो कुणी काढत नाही त्या वस्तूकडे येतो. फँटमच्या डोक्यावरचा काळा, चापून बसवलेला टोप. मुखवटा जगभर पोस्टरवर गेला, टोप कुणाच्या ध्यानातही राहिला नाही. टोप केसांसारखा दिसतो, वेशासारखा नाही, म्हणून आपण तो मोजतच नाही. नाटकाच्या शेवटाकडे फँटम स्वतःच लिहिलेल्या ऑपेरात दुसऱ्या नटाला मारून त्याच्या जागी, डोक्यावर टोपडं ओढून उभा असतो. क्रिस्टीनला स्पर्शानं कळतं. आधी ती ते टोपडं मागे सारते. मग भर रंगमंचावर मुखवटा खेचते, आणि त्याच्याबरोबर टोपही येतो. खालून विरळ केसांचं, चट्ट्यांचं, एका बाजूनं फुटल्यासारखं डोकं. पहिले फँटम मायकेल क्रॉफर्ड यांच्यासाठी मूळ रंगभूषा ख्रिस्तोफर टकर यांनी केली होती आणि ती चढवायला तासन् तास लागत. एवढी मेहनत ज्या डोक्यासाठी घेतली ते अंकभर टोपाखाली झाकून ठेवलं जातं, ते या काही क्षणांसाठी. कार्लोटाचा डोलारा, क्रिस्टीनच्या चांदण्या, नवरीची जाळी, कवटीवरची पिसं, या सगळ्या मांडणीचा हिशेब इथे चुकता होतो. दुसऱ्यांच्या डोक्यावर साज चढवत आलेल्या माणसाचं स्वतःचं डोकं उघडं पडतं.

ज्या प्रयोगात हा टोप इतका काळा आणि चकचकीत असतो की पहिल्या प्रवेशातच तो टोप आहे हे कळतं, तिथे शेवट फुकट जातो. आणि चित्रपटात मुखवट्याखालची विद्रूपता इतकी सौम्य आहे की हे सगळं कशासाठी चाललं होतं, असा प्रश्न पडतो.

2025 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायन पॉलस यांनी हेच नाटक 'मास्करेड' नावानं एका इमारतीत बसवलं. प्रेक्षक एका जागी बसत नाहीत, खोलीखोलीतून फिरतात, आणि मुखवटे त्यांनीही घालायचे असतात. म्हणजे शिरोभूषणांच्या तुलनेत आता प्रेक्षकाचं डोकंही आलं. जिन्याच्या वरच्या पायरीवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी जे आकार आखले गेले होते ते इथे हातभर अंतरावर आले की भडक तरी वाटणार किंवा खेळण्यातले तरी. लहान करता येतील, त्यात काही बिघडत नाही. टोपाच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. कपाळाशी मारलेल्या त्या एकेका केसाच्या गाठी इथे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतात. जाळीची कड एकदा दिसली की तो टोप क्रिस्टीननं ओढायच्या आधीच निघालेला असतो.